संदूक, मझबाता आणि कय्यूम: बेळगावातून तुर्कस्तान वाचताना

तुर्कस्तानची बातमी आपल्याकडे आली की ती बहुतेक एका माणसाची बातमी होते. एर्दोआन काय म्हणाले, एर्दोआन कुणावर चिडले. त्या देशाचं राजकारण खरं कळतं ते नगरपालिकेच्या खुर्चीवर नजर ठेवली तर. बेळगावच्या माणसाला तर ते लगेच कळायला हवं. 2005 मध्ये इथल्या महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला आणि कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. दोनच वर्षांनी, 2007 मध्ये, तुर्कस्तानच्या कुर्दीबहुल दियारबाकर शहरातल्या सूर नगरपालिकेचं तेच झालं. त्यांचा ठराव तर आपल्यापेक्षा मवाळ होता: लोकांना पालिकेच्या सेवा तुर्कीबरोबर कुर्दी, अर्मेनियन, सिरियाक अशा भाषांतूनही द्याव्यात, एवढंच. त्यावर तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने महापौराला हटवलं आणि सभागृहही विसर्जित केलं. 2009 मध्ये लोकांनी त्याच माणसाला पुन्हा निवडून दिलं.

आधी शब्द. तुर्की राजकारणाचे निम्मे शब्द आपल्या घरातलेच आहेत, फक्त अर्थ सरकलेले. मतपेटीला ते ‘सांदक’ म्हणतात, म्हणजे आपली संदूक. गावच्या निवडून आलेल्या प्रमुखाला ‘मुहतार’, तो आपला कुलमुखत्यारातला मुखत्यार. ‘अदालेत’ म्हणजे न्याय. आपल्याकडे अदालत म्हणजे न्याय जिथे मागायचा ती इमारत. ‘वातान’ म्हणजे मायदेश. आपलं वतन मात्र सातबाऱ्याच्या आसपास घुटमळतं. जिल्ह्यावर राजधानी अंकाराहून नेमलेला अधिकारी तो ‘वाली’, आणि तालुक्यावरचा ‘कायमाकाम’. आपण ‘त्याला कुणी वाली उरला नाही’ म्हणतो. तिथे निवडून आलेला महापौर गेला की कित्येकदा खुर्चीत वालीच येऊन बसतो. असा वरून बसवलेला कारभारी म्हणजे ‘कय्यूम’, आपल्या ‘कायम’चा भाऊबंद. आपण ‘प्रशासक’ म्हणतो तेच. नेमणूक कागदावर तात्पुरती असते, पण प्रत्यक्षात कय्यूम पुढच्या निवडणुकीपर्यंत उठत नाही, म्हणून शब्दाचं मूळ अगदीच चुकीचं नाही.

त्या खुर्चीचं वजन आपल्या महापौरावरून मोजू नये. बेळगावचा महापौर नगरसेवक निवडतात, तोही एका वर्षासाठी, आणि सहीचा खरा अधिकार आयुक्ताकडे. तुर्की महापौर थेट लोकांच्या मतांनी पाच वर्षांसाठी येतो. बस, पाणी, बांधकाम परवाने, पालिकेच्या कंपन्या, गरिबांची मदत, सगळं त्याच्या हातात. एर्दोआन स्वतः 1994 मध्ये इस्तंबूलचे महापौर होऊनच वर आले. त्यामुळे इस्तंबूल ज्याचं त्याच्याकडे उद्याचा राष्ट्राध्यक्ष म्हणून पाहिलं जातं, आणि सगळ्यात आधी हे ओळखून असतात ते एर्दोआन.

मतदानाचा दिवस जवळून बघण्यासारखा आहे, कारण ‘तिथे सगळंच खोटं’ असं ठोकून देणाऱ्यांचं तिथे चुकतं. एका पेटीमागे साधारण चारशेच्या आत मतदार. टेबलावर सात जणांचं मंडळ: अध्यक्ष, एक सरकारी माणूस आणि पाच पक्षांचे पाच. मतदार कागदावर शिक्का मारतो, कागद पाकिटात घालतो आणि पाकीट पेटीत टाकतो. मतदान यंत्र नाही. संध्याकाळी त्याच खोलीत पेटी उघडते, एकेक कागद वर धरून मोठ्याने वाचतात, आकडे लिहून सगळे सही करतात. या कागदाला ‘ओल्या सहीचा तुतानाक’ म्हणतात. त्याची प्रत प्रत्येक पक्षाच्या माणसाला मिळते. सगळा खेळ या प्रतीवर. 31 मार्च 2019 च्या रात्री इस्तंबूलची मोजणी घासून चालली असताना सरकारी वृत्तसंस्थेने आकडे देणं एकाएकी थांबवलं. मुख्य विरोधी पक्ष जेहापेकडे (CHP) मात्र शहरातल्या सुमारे 31 हजार पेट्यांचे तुतानाक येत होते. त्या जोरावर त्यांचे उमेदवार एक्रेम इमामोलू रात्रभर कॅमेऱ्यासमोर येऊन स्वतःची बेरीज सांगत राहिले. शेवटी ते सुमारे 13 हजार मतांनी निवडून आले. ज्या पेटीवर पक्षाचा माणूस बसलेला नसतो, तिथे मात्र ही साखळी तुटते. कागद हातात नसेल तर तक्रार कशाच्या आधारावर करणार?

म्हणून ढवळाढवळ मतदानाच्या आधी होते किंवा मोजणीच्या नंतर.

नंतरचं उदाहरण त्याच निवडणुकीचं. 6 मे 2019 रोजी सर्वोच्च निवडणूक मंडळाने सात विरुद्ध चार मतांनी इस्तंबूलच्या महापौराची निवड रद्द केली. कारण दिलं की काही पेट्यांचे अध्यक्ष सरकारी नोकर नव्हते. आता गंमत बघा. मतदाराने एकाच पाकिटात चार कागद टाकले होते: महानगराचा महापौर, पोटनगराचा महापौर, सभासद आणि मुहतार. पेटी तीच, अध्यक्ष तेच, पाकीटही तेच. चारांपैकी बाद झाला फक्त एक कागद. लोकांनी 23 जूनला उत्तर दिलं, आणि 13 हजारांची आघाडी आठ लाखांवर गेली.

दुसरी तऱ्हा मझबात्याची. मझबाता म्हणजे निवडून आल्याचं प्रमाणपत्र. आपल्या ‘जप्त’ची आणि त्याची धातू एकच, आणि पूर्वेकडच्या कुर्दी भागात तो खरंच जप्त होतो. 2019 मध्ये कुर्दी राजकारणाच्या पक्षाचे सहा जण महापौर म्हणून जिंकले. उमेदवारी अर्ज आधी मंजूर झाले होते. जिंकल्यावर सांगण्यात आलं की तुम्ही 2016 नंतरच्या आणीबाणीच्या हुकुमाने नोकरीतून काढलेले, म्हणून अपात्र. फेरनिवडणूक झाली नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या माणसाला मझबाता मिळाला. 2024 मध्ये वान शहरात तोच डाव खेळला गेला. जिंकणाऱ्याला सुमारे 55 टक्के, दुसऱ्याला त्याच्या निम्मी मतं, तरी मझबाता दुसऱ्याला. शहर रस्त्यावर उतरलं आणि 3 एप्रिलला निर्णय फिरला. पण फेब्रुवारी 2025 मध्ये खटल्याच्या निकालावरून वानवर कय्यूम आलाच.

कय्यूमचा कायदा नीट समजून घ्यावा, कारण मराठी बातम्यांत घोळ इथेच होतो. महापौर अटकेत गेला किंवा निलंबित झाला तर नियमाप्रमाणे पालिकेचे सभासद आपल्यातून गुप्त मतदानाने बदली महापौर निवडतात. आरोप दहशतवादाशी जोडला असेल तर सभासदांना विचारायचंच नाही. नेमणूक मोठ्या पालिकांत गृहमंत्री करतो, इतरांत वाली. ही सोय 15 जुलै 2016 च्या फसलेल्या बंडानंतर, सप्टेंबर 2016 मध्ये, आणीबाणीच्या हुकुमातून आली आणि आणीबाणी उठल्यावरही राहिली. म्हणून तिथे महापौर आत गेल्याची बातमी वाचली की तीन गोष्टी बघायच्या. ‘गोझालता’ आहे की ‘तुतुक्लामा’? पहिलं म्हणजे पोलिसांनी ताब्यात घेणं, ज्याला सहसा फार तर चार दिवस. दुसरं म्हणजे न्यायाधीशाने कोठडीत पाठवणं. आपल्याकडे दोन्हीला ‘अटक’ छापतात. मग, कोठडी कोणत्या आरोपाखाली? आणि सभागृहात बहुमत कुणाचं?

मार्च 2025 या तीन प्रश्नांनी वाचला की सगळा उलगडतो. 18 तारखेला इस्तंबूल विद्यापीठाने इमामोलूंची पदवी रद्द केली. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला उच्च शिक्षण पूर्ण केलेलं असावं लागतं, ही राज्यघटनेची अट. म्हणजे वार पुढच्या निवडणुकीवर होता. 19 ला पहाटे ताब्यात घेतलं. 23 ला, चार दिवस भरताच, भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली कोठडी. दहशतवादाच्या आरोपावर न्यायालय म्हणालं की तूर्त त्यासाठी वेगळी कोठडी नको. या एका वाक्यामुळे इस्तंबूलवर कय्यूम बसला नाही. जेहापेचं बहुमत असलेल्या सभागृहाने आपला माणूस बदली म्हणून निवडला. 2019 चं सभागृह असतं तर खुर्ची एर्दोआनांच्या पक्षाकडे गेली असती, कारण तेव्हा महापौर एकाचा आणि बहुमत दुसऱ्याचं होतं. त्याच धाडीत शिशली या पोटनगराच्या महापौरावर दहशतवादाचं कलम लागलं. तिथे लगेच कायमाकाम येऊन बसला. एकाच शहरात, एकाच आठवड्यात दोन खुर्च्यांचा निकाल दोन तऱ्हांनी लागला.

आता हे सगळं साध्या तुर्की माणसाला कसं दिसतं? तो दुष्ट नाही, घाबरलेला आहे. 1920 च्या सेव्हरच्या तहाने त्याच्या देशाचे तुकडे कागदावर पाडून झाले होते. लढून 1923 चा लोझानचा तह मिळवला तेव्हा आजचा देश उरला. शाळेत हे दोन तह त्याच्या डोक्यात कोरले जातात. म्हणून कुणी पालिकेच्या फलकावर दुसरी भाषा मागितली की त्याला आधी नकाशा आठवतो. ‘बोल्युजू’, म्हणजे फुटीर, हा शब्द तिथे इतक्या सहज फेकला जातो की बेळगावात 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या मूक फेरीत ‘नाडद्रोही’, म्हणजे राज्यद्रोही, ऐकलेल्याला वेगळं भाषांतर नको. लोझानच्या तहाचा आधार घेऊन अल्पसंख्य म्हणून मानले जातात ते ग्रीक, अर्मेनियन आणि ज्यू. कुर्द त्यात नाहीत. घटनेच्या 42 व्या कलमाप्रमाणे तुर्कीखेरीज कोणतीही भाषा मातृभाषा म्हणून शाळेत शिकवता येत नाही. 2012 पासून पाचवी आणि पुढच्या वर्गांत कुर्दी हा ऐच्छिक विषय आहे, आठवड्याला दोन तास, तोही किमान दहा मुलांनी मागितला तर. संसदेत कुणी कुर्दीतून बोललं तर इतिवृत्तात त्या जागी फुली येते.

इथे आपली तुलना थांबते, आणि ती थांबवायला हवी. परिपत्रक मराठीत मिळत नाही, फलकावर 60 टक्के कन्नड हवं म्हणून दुकानदाराला नोटीस येते, ही आपली भांडणं खरी आहेत. पण खानापूर, निपाणीत सरकारी मराठी शाळा आहे, घटनेत मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचं 350 अ कलम आहे, आणि सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. दियारबाकरच्या माणसाकडे यातलं एकही नाही. ‘आपलं आणि कुर्दांचं सारखंच’ असं भाषणात कुणी म्हणालं तर टाळ्या मिळतील, पण ते खरं नाही. सारखी आहे ती युक्ती: ठराव नको असेल तर सभागृहच घालवायचं.

जेहापेला या युक्तीची किंमत उशिरा कळली, आणि माझ्या मते दोष थोडा त्यांचाही. मे 2016 मध्ये खासदारांचं खटल्यापासूनचं संरक्षण काढण्याची घटनादुरुस्ती आली. नेम कुर्दी खासदारांवर होता. तेव्हाचे जेहापे नेते किलिचदारोलू म्हणाले की हे घटनाविरोधी आहे, तरी आम्ही हो म्हणू. नोव्हेंबरात कुर्दी नेते सेलाहत्तिन देमिरताश तुरुंगात गेले. जून 2017 मध्ये जेहापेचाच एक खासदार आत गेला, तेव्हा किलिचदारोलू अंकाराहून इस्तंबूलपर्यंत 25 दिवस चालत निघाले. कय्यूमचा प्रवासही तसाच: आधी मार्दिन, वान, मग ऑक्टोबर 2024 मध्ये इस्तंबूलचं एसेन्युर्त, आणि सप्टेंबर 2025 मध्ये न्यायालयाने जेहापेच्या इस्तंबूल शाखेवरच बाहेरून कारभारी नेमला. पालिका झाल्या, आता पक्ष.

महागाईचं थोडक्यात, कारण 2024 च्या पालिका निवडणुकांचा निकाल तिने ठरवला. ऑक्टोबर 2022 मध्ये सरकारी आकड्यानेच महागाई 85 टक्क्यांवर होती. घरभाडं वर्षाला 25 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही असा नियम जून 2022 मध्ये आला, तर घरमालक जुन्या भाडेकरूला काढायच्या मागे लागले आणि न्यायालयं भाड्याच्या दाव्यांनी भरली. 2024 ला किमान वेतन 17,002 लिरा आणि सर्वात कमी पेन्शन 10,000. एर्दोआनांचा हक्काचा पेन्शनर मतदार मतदानाच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी घरी बसला. जेहापे 37.8 टक्के, सत्ताधारी पक्ष 35.5, 1977 नंतर पहिल्यांदा जेहापे पहिला.

पुढचं गणित 360 चं आहे. घटनेप्रमाणे एर्दोआनांना 2028 मध्ये पुन्हा उभं राहता येत नाही. पण 600 पैकी 360 खासदारांनी मुदतीआधी निवडणूक लावली तर येतं. 2023 च्या निकालात त्यांच्या पक्षाचे 268 आणि कडवा राष्ट्रवादी मित्रपक्ष मेहेपेचे (MHP) 50 असे 318 निवडून आले होते, आणि कुर्दी बाजूचे साठेक. म्हणून 1 ऑक्टोबर 2024 ला मेहेपेचे देवलेत बाहचेली, ज्यांनी आयुष्यभर कुर्दी राजकारणाला शिव्या घातल्या, संसदेत कुर्दी खासदारांच्या बाकापाशी जाऊन हात मिळवून आले, तेव्हा अंकारात प्रत्येकाने आधी बेरीज केली. पुढे मे 2025 मध्ये कुर्दी सशस्त्र संघटना पेकेकेने (PKK) विसर्जन जाहीर केलं, जुलैत बंदुका पेटत्या कढईत टाकल्या. आणि त्या हातमिळवणीनंतर जेमतेम महिन्याभराने, 4 नोव्हेंबर 2024 ला, मार्दिनचे ऐंशी ओलांडलेले महापौर आहमेत त्युर्क यांना हटवून कय्यूम बसला होता. 2016 मध्ये एकदा, 2019 मध्ये एकदा, आणि ही तिसरी वेळ. तिन्ही वेळा ते निवडून आलेले होते.