दहा इंच बर्फ, एक इंच पाणी

सकाळी सातच्या सुमारास, रस्त्यावरून बर्फ ढकलणारी गाडी एक फेरी मारून गेलेली असते आणि घरात अजून कोणी उठलेले नसते, तेव्हा मी पट्टी घेऊन मागच्या अंगणात उतरते. तिथे सोळा इंच लांब-रुंद अशी प्लायवूडची फळी ठेवलेली आहे. उन्हाने तापून तिच्यावरचा बर्फ वितळू नये म्हणून तिला पांढरा रंग दिला आहे. पट्टी फळीला टेकवून इंचाच्या दहाव्या भागापर्यंत आकडा वाचायचा, दोन-चार ठिकाणी वाचून सरासरी काढायची, फळी झाडून बर्फाच्या नव्या थरावर ठेवायची आणि कुडकुडत आत यायचे, एवढाच हा छंद आहे.

आमचे उपनगर मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टन आणि वूस्टर यांच्या मधोमध आहे. समुद्रकाठच्या बॉस्टनला नुसता पाऊस लागलेला असतो तेव्हा हजारेक फूट उंचीवरच्या वूस्टरला सहा-आठ इंच बर्फ साचलेला असू शकतो, आणि आम्ही मधली माणसे खिडकीतून थेंब पडतात की पुंजके, हे पाहत बसतो. किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकणाऱ्या ‘नॉरईस्टर’ वादळांच्या बाबतीत इथले हौशी लोक ४० अंश उत्तर अक्षांश आणि ७० अंश पश्चिम रेखांश या समुद्रातल्या बिंदूवर नजर ठेवतात. वादळाचे केंद्र त्याच्या आसपासून गेले तर बहुधा आमच्याकडे चांगला बर्फ पडतो. ते किनाऱ्याला फार घासून गेले तर समुद्रावरची ऊबदार हवा आत शिरून त्याच बर्फाचा पाऊस होतो, आणि फार पूर्वेकडून गेले तर हाती काहीच लागत नाही.

सुरुवातीला मीही हवामानाचा अंदाज बांधणाऱ्या अमेरिकी आणि युरोपीय संगणकीय प्रारूपांचे नकाशे पाहण्यासाठी रात्री जागत असे. जानेवारी २०१५ च्या वादळाने ती हौस बरीच उतरवली. न्यूयॉर्कला दोन फूट बर्फ पडेल असे सांगितले जात होते, प्रत्यक्षात सेंट्रल पार्कमध्ये ९.८ इंच पडला, आणि त्याच वादळाने वूस्टरवर ३४.५ इंच ओतला. अंदाज अगदीच चुकला असे मी म्हणणार नाही, कारण वादळ आले होतेच. फक्त त्याची पश्चिमेकडची कड अपेक्षेपेक्षा पूर्वेला राहिली, आणि कोट्यवधी लोक नेमके त्या कडेखाली राहत होते.

तेव्हापासून माझे लक्ष आकाशापेक्षा फळीकडे अधिक असते. बर्फ स्वतःच्याच वजनाने दबत जातो, त्यामुळे दर तासाला फळी झाडणाऱ्याची बेरीज दिवसातून एकदाच मोजणाऱ्यापेक्षा हमखास जास्त भरते. म्हणूनच सहा तासांच्या आत फळी पुन्हा झाडू नये असा नियम आहे. गाडीच्या टपावरचा बर्फ पाहून ‘फूटभर तरी पडला’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

खरी मजा पाण्यात आहे. पाऊस आणि बर्फ मोजणाऱ्यांच्या ज्या स्वयंसेवी जाळ्यासाठी मी नोंदी करते, ते ‘कोकोराझ’ हे जाळे कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्सच्या १९९७ मधील पुरानंतर, १९९८ साली सुरू झाले. त्याच्या चार इंच व्यासाच्या पर्जन्यमापकातले नरसाळे आणि आतली नळी हिवाळ्यात काढून ठेवायची असते, म्हणजे बर्फ थेट बाहेरच्या नळकांड्यात पडतो. सकाळी ते स्वयंपाकघरात आणायचे, मोजून कोमट पाणी ओतायचे, सगळे वितळले की आतल्या नळीने मोजायचे आणि ओतलेले पाणी वजा करायचे. एकदा पाणी ओतत असतानाच वाईहून आईचा फोन आला. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी तिने सविस्तर वाचून दाखवली आणि मग विचारले, “तुमच्याकडे किती पडलं गं?” फोन ठेवल्यावर मी एक नळी ओतली होती की दोन, हे काही केल्या आठवेना. त्या दिवशी पाण्याचा रकाना कोराच राहिला.

दहा इंच बर्फात एक इंच पाणी, हा ठोकताळा सगळ्यांना पाठ असतो, पण जड, ओल्या बर्फात पाच-सहा इंचांतच इंचभर पाणी निघते आणि कडक थंडीतल्या भुसभुशीत बर्फाला वीस इंचही लागतात. हा फरक फावडे हातात घेतले की लगेच कळतो, छपराला मात्र उशिरा कळतो. फूटभर बर्फात १.२ इंच पाणी असेल, तर छपराच्या दर चौरस मीटरवर सुमारे तीस किलो भार येतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये बॉस्टनला एका महिन्यात ६४.८ इंच बर्फ पडला, त्या हिवाळ्याची बेरीज ११०.६ इंचांवर गेली आणि राज्यात अनेक छपरे कोसळली. शहरातून वाहून नेऊन रचलेल्या बर्फाच्या डोंगराचा शेवटचा तुकडा १४ जुलैला वितळला. माझी फळी त्या फेब्रुवारीत प्रत्येक मोजणीनंतर थरावर थर चढत कंबरेएवढ्या उंचीवर पोहोचली होती, आणि ती वाऱ्याने गाडली गेली तर सापडावी म्हणून शेजारी रोवलेल्या काठीचे जेमतेम वीतभर टोक वर उरले होते.