पान उलटं करून फोटो टाका

दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदारांचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी सांभाळते. सल्ला देणं हे काम, पण निम्मा वेळ 'गुड मॉर्निंग' उडवण्यातच जातो. ग्रुपची मर्यादा १,०२४ ची, ती जवळपास भरलेली. बोलणारे मात्र ठरलेले दहा-पंधरा, सगळे एक्स्पोर्टवाले. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समुदायांसाठी ९०-९-१ असं ढोबळ प्रमाण मांडलं होतं: नव्वद जण नुसतं वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात, एक सतत. आमचा तो एक पहाटे पाचलाच सुरू होतो.

नोव्हेंबरात एका रात्री पाऊस झाला. बागा फुलोऱ्यात, म्हणजे डावणी या बुरशीच्या रोगाला आयतं आवतण. 'काही अडचण असल्यास विचारा' असं लिहिलं की नुसते अंगठे येतात. म्हणून त्या सकाळी लिहिलं, "फक्त गाव आणि पाऊस झाला का, हो की नाही."

फोन थांबेना. मोहाडी हो. वडनेर भैरव हो. ओझर नाही. कधी नावही न दिसलेली माणसं! याला ना अभ्यास लागतो, ना चुकायची धास्ती. 'हो' म्हणालेल्या गावांना आम्ही आधी फोन लावायला घेतले.

तेवढ्यात मला एकटीला व्हॉइस मेसेज आला. नंबर एका दादांचा, आवाज बाईंचा. "मॅडम, पानावर तेलासारखे डाग पडू राहिले. ग्रुपवर नका टाकू, लोक हसतील."

"ताई, पान उलटं करून फोटो काढा आणि तुम्हीच टाका. लिहू नका, बोला."

बराच वेळ काही नाही. मग फोटो आला: पानामागे पांढरी बुरशी, पान धरलेलं नख बोर्डोच्या, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीनं निळसर. सोबत द्राक्षाची जात सांगणारा आवाज, "थॉमसन, छाटणीला अडतीस दिवस."

एका बड्या बागायतदारानं लगेच टोमणा मारला, "एवढंही कळत नाही?" मी तिथंच लिहिलं, "कळलं म्हणूनच टाकलंय. तुमच्या बागेतलंही पान उलटून दाखवा." अशा वेळी अ‍ॅडमिन गप्प बसला तर बाकीचे तोंड उघडत नाहीत, हे माझं ठाम मत. दुपारपर्यंत उलट्या पानांचे फोटो येत राहिले. त्यांचाही आला, मुकाट्यानं.

संध्याकाळी ताईंना फोन केला. माझी फवारणीची सगळी शेड्यूलं त्यांनी वहीत उतरवून ठेवली होती. "नंबर मालकांचा, वाचते मीच," म्हणाल्या.

आता प्रत्येक नंबरामागे खरं कोण वाचतं, ते गावोगाव विचारून यादीत घालतेय. मोहाडी झालं, पुढं खेडगाव.