ड्रॅगन कुठाय? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो

आम्ही रविवारी टेबलाभोवती बसून डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स) जातीचा रोलप्लेइंग गेम खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि डाइस टाकत गोष्ट पुढे न्यायची, फक्त आमची पात्रं शहरातले चोर असतात. या टेबलावर नवीन माणूस आला की पहिल्या अर्ध्या तासात हा प्रश्न ठरलेला. "डी अँड डीसारखंच आहे ना हे, मग ड्रॅगन कुठाय?" घरच्यांचं व्हर्जन जरा जास्त टोचणारं असतं, म्हणजे काय तर जादूची दुनिया, वाट्टेल ते होता येतं म्हणता आणि तुम्ही सगळे मिळून होता काय तर खिसेकापू! परवा एकाने मेसेजवर परत तेच विचारलं, तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच टाकू, पुढच्या वेळी हेच पाठवायचं.

मी पण आधी ड्रॅगनवालाच होतो. बरीच वर्षं डंजन, म्हणजे राक्षसांनी भरलेली भुयारं, चालवली. खाली उतरायचं, दिसेल ते मारायचं, सोनं पोत्यात भरायचं आणि वर यायचं. मजा येते, नाही असं नाही. पण खाली काय केलंत ते विचारायला नंतर कोणी येत नाही. मेलेल्या गोब्लिनला (भुयारातला छोटा राक्षस) बायको नसते, डोक्यात राख घालून फिरणारा धाकटा भाऊ नसतो, त्याच्याकडून पैसे येणं असलेला सावकार नसतो. एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळाला, विषय संपला. शहरात विषय संपत नाही, ज्याला लुटलं तो पुढच्याच गल्लीत राहतो आणि ज्याने बघितलं तो रोज तुमच्या समोरून जातो. मला त्याचीच चटक लागली.

आणि चोर काही आम्ही शोधून काढलेले नाहीत हां. डी अँड डी 1974 चा, आणि दुसऱ्याच वर्षी ग्रेहॉक नावाच्या पुरवणीत चोर हा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, आला. फ्रिट्झ लायबरच्या कथांमधलं लांखमार, चोरांचं रीतसर गिल्ड (संघटना) असलेलं शहर, त्यावर 1985 मध्ये डी अँड डी काढणाऱ्या टीएसआर कंपनीने आख्खी पुरवणी काढली. म्हणजे हौस जुनीच. नियम मात्र बघाल तर रडू येईल. डी अँड डीच्या 1981 च्या बेसिक संचात पहिल्या लेव्हलच्या चोराला कुलूप उघडायचा चान्स किती, तर 15 टक्के! आमच्या कोपऱ्यावरचा चावीवाला याच्यापेक्षा बरा, आणि तो पावतीपण देतो.

मी चालवलेलं पहिलं शहर वॉटरडीप, डी अँड डीच्या 2018 च्या ड्रॅगन हाइस्ट या पुस्तकातलं. पाच लाख सोन्याची नाणी शहरात कुठेतरी लपवलेली आणि सगळ्यांना ती हवीत. नावात हाइस्ट आहे पण ठरवून मारलेला दरोडा असा त्यात जवळपास नाहीच, ही तक्रार जगभर झाली आणि माझीही आहे. पण दोन गोष्टींसाठी मी त्याला माफ केलंय. एक म्हणजे शहराचा कायदा खेळाडूंच्या हातात छापील कागद म्हणून द्यायचा, कुठल्या गुन्ह्याला काय शिक्षा ते सगळं. तो वाचल्यावर आमचा कुऱ्हाडवाला पहिल्यांदा म्हणाला, "थांबा, बोलून बघू." दुसरं म्हणजे बक्षीस म्हणून पार्टीला एक पडकं पब मिळतं, त्यात भूत, आणि दुरुस्ती काढली की एकेक गिल्डवाले दारात हजर, आमचं सदस्यत्व घेतलंत का. त्या छपरावरून आमच्या टेबलावर जे भांडण झालं ते आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येपण होत नाही.

त्या जोशात मी स्वतःचा एक दरोडा लिहिला. सावकाराचा वाडा, तिजोरी, पहारे, नकाशा वगैरे जय्यत. खेळाडूंनी काय केलं तर तीन तास प्लॅन! ग्राफपेपरवर बाण काढले, दोनदा चहा झाला, वडापाव झाले, कुत्र्याला काय खायला घालायचं यावर मतदान झालं, आणि शेवटी आत शिरताना पहिलाच रोल पडला दोन. पहारेकरी जागा झाला, मारामारी सुरू, म्हणजे फिरून तेच डंजन, फक्त भिंतींना रंग दिलेला.

मग ब्लेड्स इन द डार्क या गेमचं पुस्तक हातात पडलं. जॉन हार्परचं, 2017 चं. शहराचं नाव डॉस्कवोल. सूर्य नाही, गल्लीबोळात भुतं, आणि शहराभोवती विजेचं कुंपण, जे समुद्रातल्या राक्षसांच्या रक्तावर चालतं. यात तुम्ही मुळातच टोळी असता. प्लॅनिंगचा घोळ तर त्याने मुळापासूनच काढून टाकलाय, कसं जाणार तेवढं सांगा, गुपचूप की फसवून की सरळ अंगावर, एक रोल टाका आणि थेट आत. अडलात की फ्लॅशबॅक. "काल मी पाणक्याला गाठून मागच्या दाराची कडी सैल करून घेतली होती." किंमत म्हणून शीटवर, म्हणजे पात्राच्या कागदावर, स्ट्रेसचे एकदोन खण भरायचे, कडी सैल. जे आम्ही तीन तास आधी करत होतो ते आता गरज पडली की दोन मिनिटांत होतं, आणि ऐकायला दसपट भारी वाटतं. नऊ खण आहेत स्ट्रेसचे, शेवटचा भरला की ट्रॉमा, म्हणजे मनावरचा कायमचा घाव, चार ट्रॉमा झाले की तुमचा माणूस कायमचा बाद.

पण माझं खरं उत्तर यापुढे आहे.

या शहरात खून लपत नाही. कोणी मेलं की स्मशानातल्या घंटा वाजतात आणि तिथून एक कावळा उडतो तो मढं शोधायला. मढं वेळेत नष्ट केलं नाही तर तीन दिवसांत त्याचं भूत सुटतं. त्यामुळे जिथे लोक सहज तलवार काढायचे तिथे आता काढण्याआधी एकमेकांकडे बघतात. (आपल्याकडे पिंडाला कावळा शिवायची वाट बघतात, इथे तो स्वतःच वॉरंट घेऊन येतो.) आणि प्रत्येक कामानंतर हीट मोजायची, म्हणजे पोलिसांचं लक्ष आपल्यावर किती गेलं ते. आमच्या मागच्या कामात एकाने घाबरून गोदामाच्या वॉचमनला मारलं. आधीची हीट 3, बोंबाबोंब झाली म्हणून 4, खून म्हणून आणखी 2. हीटचे नऊ खण भरले, म्हणजे टोळीवर वॉन्टेड लेव्हल चढली, आणि ती उतरवायचा मार्ग एकच, टोळीच्या गुन्ह्यांसाठी कोणीतरी तुरुंगात जायचं.

कोण जाणार? टेबलावर शांतता. मारलं ज्याने तो फोनमध्ये बघतोय. मग आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, बँकेत काम करणाऱ्या, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, त्या म्हणाल्या, "मी जाते, नाहीतरी मार्चएंडला मला यायला जमणार नाही." सगळे हसले. आत काय झालं त्याचा रोल टोळीच्या टायरवर, म्हणजे दर्जावर, असतो, आमचा टायर शून्य, मग दोन डाइस टाकून लहान आकडा घ्यायचा. आला दोन. म्हणजे ट्रॉमा. ठरलेल्या यादीतून एक निवडायचा असतो, लोक बहुतेक क्रूर नाहीतर संशयी घेतात. ताईंनी हळवा घेतला.

रक्तपात, शिव्या, अंधार याला लोक ग्रिटी, म्हणजे कठोर वास्तवासारखं, म्हणतात, मला ते फार वरवरचं वाटतं. तेवढंच हवं असेल तर कुठलाही गेम चालतो. आणि आमच्याकडे लहान मुलांवर अत्याचार वगैरे टेबलावर येतच नाही, ते पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं, शिवाय मधोमध एक्स-कार्ड ठेवलेलं असतं, कोणीही हात लावला की सीन बंद, कारण विचारायचं नाही. मला ग्रिटी वाटतं ते शीटच्या खालच्या कोपऱ्यातलं स्टॅश, म्हणजे म्हातारपणाची पुंजी. 40 जमले तर ऐषआराम, 10 किंवा त्याखाली असाल तर शेवट गटारात, असं नियमातच लिहिलंय. पेन्शनची चिंता असलेला फँटसी गेम मी दुसरा बघितला नाही!

तर ताई एप्रिलमध्ये परत आल्या, त्यांचं पात्र पण सुटलं. स्टॅश 6. मी विचारलं पहिल्यांदा काय करणार, मला वाटलं दारू नाहीतर बदला. त्या म्हणाल्या, "त्या वॉचमनचं घर कुठेय?" मी असं काही लिहिलेलंच नव्हतं, तिथल्या तिथे घर काढलं, दारात त्याची आई उभी केली. तिला दोन कॉइन (गेममधले पैसे) द्यायचे होते. स्टॅशमधून एक कॉइन काढायला दोन मोडावे लागतात, म्हणजे सहातले चार गेले. त्यांनी खोडरबरने खोडलं आणि दोन लिहिले.

"ताई, अजून अडतीस," शेजारचा म्हणाला.

"कळतं मला, मी बँकेत आहे," त्या म्हणाल्या, आणि आईला काय नाव सांगायचं याचा विचार करत बसल्या.