आकडे नसलेला आलेख आठवीच्या वर्गात वाचताना : माझा अनुभव

आठवीच्या मुलांना आकड्यांशिवायचा आलेख वाचायला शिकवताना मी रेघ आधी दाखवतच नाही. फळ्यावर फक्त दोन अक्ष काढते, आडव्यावर वेळ, उभ्यावर वेग, आणि विचारते, "खाली डाव्या कोपऱ्यात ठिपका दिला, तर गाडीचं काय चाललंय?" "उभी आहे, अजून निघायची आहे," हे उत्तर येईपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही.

कारण मुलं रेघेलाच रस्ता समजतात. नागपुरातल्या सदर भागातल्या उड्डाणपुलावरून जाणाऱ्या सायकलच्या वेगाचा आलेख काढा म्हटलं, की बऱ्याच वह्यांत पूलच उतरतो. प्रत्यक्षात चढावर वेग घटतो, वरच्या सपाटीवर सावरतो, उतारावर ब्रेक न दाबल्यास सुरुवातीपेक्षाही वाढतो. म्हणून आधी पुलाच्या चित्रावरून बोट फिरवत शब्द बोलायचे, 'कमी होतोय', 'वाढतोय', 'तेवढाच', आणि ते आडव्या अक्षाखाली लिहायचे. रेघ त्या शब्दांवरून काढायची, चित्र झाकून.

दुसरी अडचण आडव्या रेघेची. मेट्रो सीताबर्डीहून काँग्रेसनगरला जाते, तिचे दोन आलेख मी एकाखाली एक काढायला लावते. वेगाच्या आलेखात मधली आडवी रेघ म्हणजे गाडी एकसारख्या वेगाने धावतेय. अंतराच्या आलेखात तीच आडवी रेघ म्हणजे गाडी थांबलीय. दोन्हींत वेळेचा अक्ष सारखा ठेवून उभ्या तुटक रेषा खाली ओढल्या, की फरक डोळ्यांना दिसतो. अंतराचा आलेख पूर्ण उभा झाला तर लगेच विचारावं, "एकाच क्षणी गाडी दोन ठिकाणी कशी?"

सगळ्यात जास्त वेळ मी बाटलीला देते, आणि तो द्यायलाच हवा. लेबल काढलेली 1 लीटरची पारदर्शक बाटली, बाहेरून उभी चिकटवलेली कागदाची पट्टी आणि 100 मिलीचं माप. दर मापानंतर पाण्याच्या पातळीवर खूण करायची. जिथे बाटली रुंद, तिथे खुणा जवळजवळ. मानेकडे निमुळती होते तिथे खुणा लांब लांब पडतात. तळाला खळगे असतील तर पहिली खूण थोडी वर येते. ती चूक नाही. खळग्यांनी पाण्याची जागा घेतलेली असते. मग पट्टी काढून आलेखावर उतरवायची: आडव्या अक्षावर मापं, उभ्यावर उंची. मानेत 100 मिली मावत नाही म्हणून मुलं 20 मिली ओततात, पण आडव्या अक्षावर पाऊल पूर्ण मापाचंच टाकतात. मग जिथे रेघ ताठ व्हायला हवी तिथे ती लोळते. पाऊल पाचव्या हिश्शाचं हवं.

ठिपके जोडताना फूटपट्टी मी बाजूला ठेवायला सांगते. कोपरा फक्त तिथेच येतो, जिथे भांड्याची रुंदी एकदम बदलते. मातीच्या माठाला तो येत नाही: तळाशी ताठ, पोटाशी मंद, गळ्याशी पुन्हा ताठ, पण सगळं वळणावळणाने. कूलरची टाकी बाजूंनी सरळ, तिची रेघही सरळ. आडव्या अक्षावर मापांऐवजी वेळ घेतली, तर नळाची धार मोठी केल्यावर तीच रेघ जास्त ताठ.

शेवटी उलटं काम द्यावं: आलेख देऊन भांडं काढायला सांगावं. एकाच आलेखासाठी कुणी गोल डबा काढतं, कुणी चौकोनी. दोन्ही बरोबर धरायचे, कारण आलेखाला त्या उंचीवरच्या पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ कळतं, त्याचा आकार नाही.