ओटीभरणाच्या आत दातांचे काम : आमच्या दवाखान्याची वाटचाल

दक्षिण नागपुरात, मानेवाडा भागातल्या एका रहिवासी गल्लीत, 2016 साली आम्ही दोघींनी हा दवाखाना सुरू केला. मी दंतवैद्य आणि माझी भागीदार आहारतज्ज्ञ. मुद्रा योजनेच्या ‘तरुण’ गटात त्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंतचे कर्ज मिळत असे आणि त्या मर्यादेत एक खुर्ची, कॉम्प्रेसर, उपकरणे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह आणि डिजिटल एक्स-रेसाठी आरव्हीजी एवढेच बसत होते. शहरात दंतवैद्यांची वाण मुळीच नव्हती. शासकीय दंत महाविद्यालय येथे 1968 पासून आहे, खासगी महाविद्यालयेही आहेत आणि शिकून बाहेर पडलेल्यांपैकी अनेकजण नागपुरातच पाटी लावतात. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत आमच्याकडे जे रुग्ण आले, ते चार पावलांवरच्या दुसऱ्या दवाखान्यातही जाऊ शकले असते, आणि पुष्कळसे गेलेही.

गरोदर स्त्रियांची गोष्ट मात्र वेगळी होती. त्या कुठेच जात नव्हत्या. आल्याच तर गाल सुजल्यावर, रात्रभर झोप न झाल्यावर, आणि बहुतेक वेळा आठवा किंवा नववा महिना लागल्यावर येत. ‘इतके दिवस काय केलेत?’ या प्रश्नाला ठरलेली उत्तरे मिळत. लवंग धरली, औषधाच्या दुकानातून गोळी आणली, बाळंतपणानंतर बघू असे घरच्यांनी सांगितले. एका सासूबाईंनी तर सुनेच्या वतीने निकालच दिला होता : “एका लेकरामागं एक दात जातेच, मॅडम. बाळ हाडं दातातूनच घेते ना.” ही समजूत विदर्भातच आहे असे नाही, पण आमच्या कामात सर्वांत आधी तिच्याशीच गाठ पडली. बाळाला लागणारे कॅल्शियम आईच्या आहारातून आणि, तो अपुरा असेल तर, तिच्या हाडांतून जाते. दातांच्या कठीण आवरणातून ते परत काढून घेण्याची कोणतीही सोय शरीरात नाही. म्हणूनच सरकारी कार्यक्रमात चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत दिवसाला 500 मिलिग्रॅमच्या दोन कॅल्शियमच्या गोळ्या देतात, आणि त्या घेणे गरजेचे असले तरी किडलेली दाढ त्यांनी भरून येत नाही.

दात जातात हे निरीक्षण खरे आहे, त्याचे कारण तेवढे दुसरीकडे आहे. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वाढल्यामुळे हिरड्यांतील रक्तवाहिन्या फुलतात आणि दातांच्या मुळाशी साचलेल्या जिवाणूंच्या थराला हिरड्या एरवीपेक्षा जास्त तीव्र प्रतिसाद देतात. साधारण दुसऱ्या महिन्यापासून लाली आणि रक्त येणे सुरू होते आणि आठव्या महिन्यापर्यंत वाढत जाते. रक्त दिसले की बाई घाबरून ब्रश बंद करते किंवा बोटाने मंजन फिरवते, थर आणखी साचतो आणि रक्त आणखी येते. काही जणींच्या दोन दातांच्या मधोमध लालभडक, हात लावताच रक्त येणारी गाठ उगवते. घरात कर्करोगाची चर्चा सुरू होते, पण ही गाठ साधी असते आणि अनेकदा बाळंतपणानंतर आपोआप ओसरते. तिच्यासाठी घाईने चाकू लावण्याची गरज बहुधा नसते. खाणे अवघड झाले किंवा रक्त थांबेना तरच ती काढावी लागते.

या सगळ्यावर उपचार करण्यात मोठे कौशल्य लागते असा आमचा दावा नाही. दात साफ करणे, दाढ भरणे, रूट कॅनाल हे कुठलाही दंतवैद्य करतो. अडचण होती ती वेळेची. वैद्यकशास्त्र सांगते की तातडीचा उपचार गरोदरपणात केव्हाही करावा, पण सवडीने करायच्या कामांसाठी चौथा ते सहावा महिना सर्वांत सोयीचा. उलट्या कमी झालेल्या असतात आणि पोटाचा भारही अजून वाढलेला नसतो. आमच्याकडच्या घरांत मात्र आठवड्यांचा हिशोब चालत नाही. चालतो तो सातव्या महिन्यातल्या ओटीभरणाचा. ओटी भरली की लेक माहेरी जाते, मग ते गोंदियाला असो, वणीला असो की छिंदवाड्याला, आणि तिथे गेल्यावर नव्या दंतवैद्याकडे कोणी नेत नाही. म्हणून 2018 पासून आम्ही ‘दुसरी तिमाही’ हा शब्दच सोडला आणि ‘ओटीभरणाच्या आत दातांचे काम संपवा’ एवढेच सांगू लागलो. हे वाक्य सासूबाईंना लगेच पटले, कारण ओटीभरणाच्या आत संपवायच्या कामांची यादी त्यांच्याकडे आधीच तयार असते. दवाखान्याची दिशा बदलली ती इथून.

याची दुसरी बाजूही आमच्या लवकरच लक्षात आली. नागपूर हे जितक्या जणींचे सासर, तितक्याच जणींचे माहेर. पुण्यात किंवा रायपूरला नांदणाऱ्या मुली बाळंतपणासाठी इथे येतात आणि त्यांच्या दातांचे आधी काय झाले हे कोणालाच ठाऊक नसते. त्यासाठी आम्ही एक घडीचे कार्ड छापले. त्यात कोणत्या दाढेचे काय केले, कोणती भूल दिली, कोणत्या गोळ्या दिल्या आणि काय बाकी आहे, एवढेच लिहिलेले असते. ते प्रसूतीच्या फाइलमध्येच लावायला सांगतो, कारण वेगळे कागद हरवतात आणि ती फाइल कधी हरवत नाही.

खुर्चीतही काही बदल करावे लागले. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर स्त्रीला सपाट उताणे झोपवले की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या नीलेवर पडतो, हृदयाकडे जाणारे रक्त कमी होते आणि तिला घाम फुटून गरगरते. यावर उपाय सोपा आहे : पाठ थोडी उंच ठेवायची आणि उजव्या कमरेखाली उशी सरकवून तिला किंचित डाव्या कुशीवर करायचे. बाजारातली रेक्झिनची उशी घसरत असे, म्हणून आमच्या मावशींनी जुन्या सुती लुगड्याची घट्ट गुंडाळी शिवून दिली. तिच्यावर खोळ चढवतो आणि प्रत्येक रुग्णानंतर ती बदलतो. काम छोट्या भेटींत करतो आणि मधे लघवीला उठू देतो. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो तेव्हा दुपारच्या वेळा गरोदर स्त्रियांना देतच नाही.

एक्स-रे आणि इंजेक्शन यांची भीती अजून पुरती गेलेली नाही. एका दाताच्या डिजिटल एक्स-रेमधून मिळणारा किरणोत्सर्ग आपल्याला निसर्गातून एका दिवसात मिळणाऱ्या मात्रेच्या आसपास असतो आणि त्याचा झोत पोटाकडे नसतो. तरीही आम्ही गरज असेल तेव्हाच काढतो. लिग्नोकेनची भूल गरोदरपणात सुरक्षित मानली जाते. खरा धोका असतो तो विचारल्याशिवाय दुकानातून आणलेल्या गोळ्यांचा. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या वीस आठवड्यांनंतर टाळायच्या असतात, आणि टेट्रासायक्लिन गटातल्या औषधांनी पोटातल्या बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात. वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि, जंतुसंसर्ग असेल तर, बहुतेक वेळा अमोक्सिसिलिन पुरते, पण तेही तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कानावर घालून.

स्त्रीरोगतज्ज्ञांचा विश्वास मिळवायला सर्वांत जास्त वेळ लागला. सुरुवातीला धंतोली-रामदासपेठेतल्या प्रसूतिगृहांचे जिने आम्ही पुष्कळ चढलो. एका ठिकाणी प्रत्येक रुग्णामागे किती टक्के देणार, असा सरळ प्रश्न आला. दंतवैद्यांच्या आचारसंहितेत असे कमिशन निषिद्ध आहे आणि ते नसते तरी आम्ही दिले नसते, कारण तो पैसा शेवटी बाईच्याच बिलात चढतो. तिथून आजवर एकही रुग्ण आला नाही. ज्यांनी रुग्ण पाठवले त्यांनी आमच्या उलट पाठवलेल्या चिठ्ठ्या वाचून पाठवले. त्या चिठ्ठ्यांत आम्ही एक पथ्य पाळतो. हिरड्यांचा आजार आणि अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, पण हिरड्यांवर उपचार केल्याने असे बाळंतपण टळते, हे 2006 साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले नाही. उपचार सुरक्षित असल्याचे मात्र तीतून दिसले. म्हणून ‘दात साफ करा आणि बाळ वाचवा’ असली जाहिरात आम्ही कधी केली नाही. आईच्या तोंडातला संसर्ग आणि दुखणे जाते, एवढे कारण पुरेसे आहे.

‘समग्र’ हा शब्द आमच्या पाटीवर आहे आणि त्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण अलीकडे तो शब्द तेलाच्या चुळांपासून ताबीजापर्यंत कशालाही लावतात. तिळाच्या तेलाच्या चुळा भरायला आमची हरकत नाही, पण त्यांनी ब्रशची सुटी होत नाही. आमच्या लेखी समग्र म्हणजे तोंडात दिसलेल्या खुणेवरून उरलेल्या शरीराची विचारपूस. दातांची टोके विचित्र झिजलेली दिसली की माझी भागीदार हळूच विचारते, कच्चे तांदूळ, खडू, भाजलेली माती असे काही खावेसे वाटते का? सासूसमोर उत्तर येत नाही, म्हणून हा प्रश्न वजन करायच्या निमित्ताने आतल्या खोलीत विचारला जातो. उत्तर होकारार्थी आले तर हिमोग्लोबिन तपासायला पाठवतो, कारण अशी इच्छा पुष्कळदा लोहाच्या कमतरतेमुळे होते. हिरड्या प्रमाणाबाहेर सुजल्या असतील तर 75 ग्रॅम ग्लुकोजची मधुमेहाची तपासणी झाली का, ते फाइलमध्ये बघतो. आणि विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराविषयी विचारल्याशिवाय तर आम्ही खुर्ची मागे झुकवत नाही. एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण, हा फरक इथल्या अनेक घरांना तोंडपाठ आहे. एसएस असलेल्या गरोदर स्त्रीला दाढेतला पू हेसुद्धा तीव्र वेदनांचा झटका येण्याचे निमित्त ठरू शकते, म्हणून अशा रुग्णांचे काम आम्ही मेडिकलमधल्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या, किंवा त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलूनच करतो.

तंबाखूचा विषयही असाच आतल्या खोलीतला. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, पुरुषच खातात, हा शहरी समज आहे. बायका नस, म्हणजे तंबाखूची पूड, दातांना लावतात, मशेरी भाजतात, पूर्वेकडच्या जिल्ह्यांतून आलेल्या काही जणी गुडाखू ही तंबाखू-गुळाची पेस्ट दातांवर घासतात, आणि ‘त्याशिवाय पोट साफ होत नाही’ असे सांगतात. गरोदरपणी तंबाखू कोणत्याही रूपात वाईट. बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका त्यातून वाढतो. आम्ही ओरडत नाही. सकाळच्या नसेच्या जागी काय द्यायचे ते ठरवतो, आणि पोट साफ होण्यासाठी आहार बदलून देतो. काही जणी सोडतात, काही बाळंतपणापुरत्या सोडतात.

मार्च 2020 मध्ये सगळे बंद झाले. हवेत तुषार उडवणारे काम म्हणून दंतवैद्यांवर सर्वांत आधी गदा आली. हप्ते चालू, खुर्ची रिकामी. त्या महिन्यांत फोनवर बोलता बोलता आम्हाला बाळंतिणींच्या खोल्या पहिल्यांदा नीट दिसल्या. उपचार बंद होते, पण प्रश्नांचा ओघ चालूच होता. लॉकडाऊन उठल्यावर त्यातून घरभेटीचे काम सुरू झाले आणि आज ते आमच्या कामाचा मोठा भाग आहे.

बारसे झाले की आमच्या हायजिनिस्ट, म्हणजे दातांची स्वच्छता करणाऱ्या ताई आरसा, टॉर्च आणि मऊ ब्रश घेऊन घरी जातात. बाळंतिणीच्या उशाशी डिंकाच्या, अळिवाच्या लाडवांचा डबा असतो. रात्री दोन-तीन वाजता बाळ उठते, आई पाजते, तिलाही भूक लागते, ती एक लाडू खाते आणि तशीच झोपते. गूळ, डिंक आणि खारीक दाढांच्या खाचांत चिकटतात, झोपेत लाळ कमी झालेली असते, आणि हे रोज रात्री चालते. लाडू बंद करा, असे ताई कधी म्हणत नाहीत; तसे म्हटले तर त्या घरात पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही. लाडू जेवणाबरोबर खावा, रात्री खाल्लाच तर कोमट पाण्याने दोन-तीन खळखळून चुळा भराव्यात आणि उशाशी पाण्याचा तांब्या व तस्त ठेवावे, एवढेच त्या सांगतात. चुळीचे पाणी कोमट असल्याने ‘बाळंतिणीला गार लागेल’ ही आजींची हरकतही उरत नाही. सव्वा महिन्यानंतर राहिलेली कामे दवाखान्यात करतो. भूल दिल्यावर दूध पाजायचे थांबवावे लागत नाही, म्हणून बाळाला बरोबर घेऊन यायला सांगतो.

बाळाविषयीही त्याच भेटीत बोलणे होते. आईच्या तोंडातले कीड लावणारे जिवाणू लाळेतून बाळाकडे जातात, म्हणून घास चावून भरवू नये, आपला चमचा बाळाला लावू नये, आणि आईची किडलेली दाढ आधी भरावी. वर्षाच्या आत मध चाटवू नये, कारण त्यातून बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. गुटीत मध घालणाऱ्या आजींना हे दोनदा सांगावे लागते. पहिला दात आला की तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावावी. यवतमाळ-चंद्रपूरकडची मंडळी इथे एक रास्त शंका काढतात, कारण तिकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. अशा घरांना आम्ही आधी पाणी तपासायला सांगतो. नागपुरात पेंच-कन्हानचे नळाचे पाणी पिणाऱ्यांनी ही काळजी करू नये.

हिशोबाचे थोडे. सुरुवातीला सगळ्या तपासण्या एकत्र करून मोठे पॅकेज केले होते, ते कोणी घेतले नाही. एवढी रक्कम एकदम काढायला नवऱ्याची आणि सासऱ्यांची संमती लागते. आता पहिली तपासणी आणि स्वच्छता यांचे छोटे एकत्र शुल्क आहे आणि बाकीचे काम जसे लागेल तसे. नफा सर्वसाधारण रुग्णांच्या रूट कॅनाल आणि कॅपमधून येतो, घरभेटी जेमतेम खर्च भागवतात. पण ज्या घरात ताई जाऊन आल्या, त्या घरातले सासरे कवळीसाठी आणि दीर अक्कलदाढेसाठी आमच्याकडेच येतात. मुद्राचे कर्ज फिटले, दुसरी खुर्ची आली, आणि दुसऱ्या हायजिनिस्टचा शोध चालू आहे. त्यांना दुचाकी चालवता येणे आणि बाळंतिणीच्या खोलीत जमिनीवर बसून बोलता येणे, या आमच्या दोन अटी आहेत.

पहिल्या भेटीला येताना प्रसूतीची फाइल, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि शक्य असेल तर सासूबाई किंवा आई यांना बरोबर आणावे. उलट्या होत असतील तर त्या दिवशी सकाळी ब्रश न करता आलात तरी चालेल. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करूच नये. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी आणि ब्रश अर्ध्या-एक तासाने, लहान डोक्याचा, दिवसातून जेव्हा मळमळ नसेल तेव्हा करावा.