बेचाळिसावी कुपी

धानपट्ट्यातल्या आमच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत औषधांना दाद न देणाऱ्या क्षयजंतूंचे नमुने उणे ८० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवलेले असतात. एका वर्षी ऐन रोवणीच्या दिवसांत प्रयोगशाळेच्या प्रमुखांची बदली झाली आणि कार्यभार सोपवण्यापूर्वी साठा मोजण्याचे काम माझ्याकडे आले. नोंदवहीत ४२ कुप्या होत्या. रॅकमध्ये, तीनदा मोजूनही, ४१ च भरल्या.

आदल्या आठवड्यात रात्री वीज गेली असताना रॅक घाईने हलवले होते. "तडकून गेली असन मॅडम, तसं लिहून टाका ना, साहेबांना उद्या निघायचं आहे," असे एका सहकाऱ्याने सुचवले. त्याच्या मनात काही वाईट नव्हते, पण मला ते पटले नाही. कुपी तडकली असेल, तर सांडलेल्या जागेचे निर्जंतुकीकरण कोणी केले आणि तेव्हा जवळ कोण होते, याची एक ओळही कुठे नव्हती. जंतू डोळ्यांना दिसत नाही. आमच्या हाती असते ती त्याची नोंद, आणि तीच खोटी लिहिली तर कुलपाला काय अर्थ राहिला? २०१४ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा येथील सरकारी संशोधन संस्थेच्या आवारात, विसरलेल्या एका खोक्यात देवीच्या विषाणूच्या ६ कुप्या सापडल्या आणि त्यांपैकी दोहोंतला विषाणू इतक्या दशकांनंतरही जिवंत निघाला. देवीचा विषाणू जगात अधिकृतपणे ठेवला जातो तो अटलांटा आणि रशियातील कोल्त्सोवो या दोनच ठिकाणी. या कुप्यांचा हिशोब मात्र कोणाकडेच नव्हता.

शोधाशोध चालू असताना फ्रीझर दुरुस्त करणारा मुलगा टेबलापाशी उभा होता आणि त्याच टेबलावर सांकेतिक क्रमांकांसमोर रुग्णांची नावे-गावे लिहिलेली वही उघडी पडली होती. मी ती तत्काळ उचलून कपाटात कुलूपबंद केली. आमच्याकडे दहा कोसांत सगळे एकमेकांच्या नात्यात आहेत. क्षयाचे नाव बाहेर फुटले, तर जुळलेली सोयरीक मोडते.

संध्याकाळी, सगळ्यांत खालच्या खणामागे दोन बोटे जाड साचलेल्या हिमात निळे झाकण दिसले. टोकदार वस्तूने खरवडले तर हातमोजा फाटण्याची भीती, म्हणून प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू हिम सोडवत कुपी मोकळी केली. तिच्या चिठ्ठीवरची शाई पसरून शेवटचे दोनच आकडे उरले होते. ते उरलेल्या एकमेव क्रमांकाशी जुळत होते, तरी दोन आकड्यांच्या भरवशावर तो नमुना साठ्यात परत ठेवणे मला योग्य वाटले नाही. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर ती कुपी नष्ट केली.

साहेबांची मुक्कामाची गाडी चुकली. रात्री नऊ वाजता त्यांनी नोंदवहीत "साठ्यात ४१, ओळख न पटल्याने नष्ट १" असे स्वतःच्या हाताने लिहिले, खाली सही केली आणि वही माझ्यापुढे सरकवली.