पहिलं पान झाडांच्या मोसमाप्रमाणे: आतापर्यंत कुठवर आलंय

१ मार्चला पहाटे पाचला वेताळ टेकडीवर निघायच्या आधी माझी साइट उघडली, तर पहिल्या पानावर अजून फेब्रुवारीत फुलणारी झाडंच. साडेआठला घरी आलो तर मार्चची झाडं जागेवर, मी काहीही न करता. आधी कॅशवर (पानाची साठवलेली जुनी प्रत) संशय घेतला, पण कॅश तर बंद होती. खरं कारण पुढे सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझी साइट पुण्यातल्या झाडांच्या नोंदींची आहे. ती वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे. वर्डप्रेस पहिल्या पानावर नवी नोंद वर आणि जुनी खाली ठेवतं, मुळात एका पानावर १०. पण बहाव्याची नोंद मी डिसेंबरात निवांत बसून लिहिली, म्हणून ती डिसेंबरात वर दिसावी हे मला पटेना. बहावा एप्रिल-मेमध्ये झुंबरांसारखा लोंबतो, तेव्हाच तो समोर हवा. काटेसावर पानं झाडून लाल फुलांनी भरते ती फेब्रुवारीत. माझ्या पानाने लिहिल्याची तारीख न बघता फुलोऱ्याचा महिना बघावा, एवढंच मला हवं होतं.

म्हणून प्रत्येक नोंदीला महिन्याचा टॅग दिला: 'फुलोरा-०२', 'फुलोरा-०३' असे. पळसाला दोन लागले, ताम्हणालाही दोन. मग प्री-गेट-पोस्ट्स या हुकवर (वर्डप्रेसच्या कामात मध्येच आपला कोड जोडायची जागा) एक छोटं फंक्शन लावलं. मुख्य क्वेरी, म्हणजे पानावरच्या नोंदींची मागणी, डेटाबेसकडे जायच्या आधीच हा हुक ती आपल्या हातात देतो. तिथे चालू महिन्याचा टॅग बसवला की झालं. याच कामासाठी क्वेरी-पोस्ट्स हे फंक्शन वापरणारे अजूनही भेटतात, त्यांना कळकळीने सांगतो की सोडा ते. त्यात मुख्य क्वेरी एकदा चालून गेलेली असते, वर दुसरी चालते, आणि 'जुन्या नोंदी'ची पानं गडबडतात.

पहिल्याच प्रयत्नात मेनू गायब झाला. वरची पट्टी कोरी! मी फक्त 'इज-होम' (हे पहिलं पान आहे का) तपासलं होतं. पण मेनूतले दुवे वर्डप्रेस आतून पोस्टसारखेच साठवतं आणि ते वेगळ्या क्वेरीने आणतं. त्या क्वेरीलाही 'इज-होम' खरं मिळतं, आणि मेनूच्या दुव्यांना कुठला आलाय फुलोऱ्याचा टॅग? 'इज-मेन-क्वेरी'ची (ही मुख्य क्वेरी आहे का) अट जोडली आणि मेनू परत आला. ही अट वर्डप्रेस ३.३ पासून, म्हणजे २०११ पासून आहे. ती कधीही गाळू नका.

दुसरं कोडं जास्त चिवट निघालं. फेब्रुवारीच्या पानावर सगळ्यात वर गुलमोहर! त्याला टॅग एप्रिल-मेचा, तरी हटेना. दोन संध्याकाळी गेल्यावर लक्षात आलं की ती नोंद मी कधीतरी 'स्टिकी', म्हणजे कायम वर चिकटलेली, करून ठेवली होती. पहिल्या पानासाठी स्टिकी नोंदी वर्डप्रेस मागाहून वेगळ्या आणतं, आणि तेव्हा आपला टॅग किंवा वर्ग विचारात घेत नाही. 'इग्नोर-स्टिकी-पोस्ट्स' चालू केलं आणि गुलमोहर आपल्या महिन्याची वाट बघायला गेला.

आता ती पहाट. महिना काढायला मी पीएचपीचं (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) साधं 'डेट' वापरलं होतं. वर्डप्रेस पीएचपीचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, ठेवतं, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे दर महिन्याच्या १ तारखेला पहाटे साडेपाचपर्यंत माझं पान मागच्याच महिन्यात. टेकडीवर जाणारे नेमके त्याच वेळी साइट बघतात! म्हणून त्याजागी 'डब्ल्यूपी-डेट' घेतलं, ते सेटिंग्जमधला टाइमझोन पाळतं; तिथे कोलकाता (म्हणजे भारतीय वेळ) निवडलेलं आहे ना हे तेवढं बघून घेतलं.

एका महिन्यातल्या नोंदींचा क्रम अजून ठरत नाहीये. रँडम लावून पाहिलं, पण दुसऱ्या पानावर तोच पांगारा पुन्हा आला, कारण प्रत्येक पानाला क्रम नव्याने पिसला जातो. सध्या 'मॉडिफाइड' (शेवटच्या बदलाप्रमाणे) ठेवलंय: टेकडीवरून येऊन ज्या नोंदीत नवा फोटो घातला, ती वर. हे मला मनापासून आवडलंय. काल गिरिपुष्पाचा गुलाबी फोटो चढवला आणि पान रिफ्रेश केलं, तर पहिल्या ओळीत तेच.

यंदा एक बहावा आत्ताच कळ्यांवर आलाय, त्यामुळे त्या नोंदीला आज 'फुलोरा-०३' सुद्धा जोडतोय.